‘पाचट’ची हिट न झालेली गाणी

ज्या बँडचं एकही गाणं कधी हिट झालं नाही, त्याच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’चं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला स्टुडिओ बंद करून सहा वर्षं झाली होती. फोन अभयचा होता. अभय म्हणजे त्या बँडचा ड्रमवाला, मूळचा वाईचा, आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाला, काका, आमची बारा गाणी निवडायची, घासूनपुसून घ्यायची आणि सगळ्या जगाला मोबाइलवर ऐकता येतील अशी टाकायची. अल्बमचं नाव त्यानं आधीच ठरवलं होतं : ‘हिट न झालेली गाणी’. मग त्यानं विचारलं, जुनं सगळं आहे ना तुमच्याकडे?

मी म्हणालो, माझ्याकडे सगळं असतं. हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो. पुढे ते चांगलंच अंगाशी आलं.

धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण हल्ली कुणीही उशीखाली मोबाइल ठेवून गाणं रेकॉर्ड करतं आणि लोकांना वाटतं ते पूर्वीपासून असंच चाललं आहे. सांगलीत गावभागात, एका पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. गिरणी दुपारी एक ते चार बंद असायची. तेवढे तीन तास माझे. पावणेचारला गिरणीवाला पट्टा चढवायला यायचा आणि बुवा अंतऱ्यात असोत की समेवर, मी हात वर करून सगळं थांबवायचो. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, त्यांच्यावर वाकळा टांगलेल्या. एका खोलीत गाणारे, दुसरीत मी, मध्ये काच. माझ्याकडून आत बोलायला एक माइक होता, त्याचं बटन दाबलं की माझा आवाज आतल्या स्पीकरवर घुमायचा. आकाशवाणी म्हणायचे त्याला.

गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. भजनी मंडळं, गोंधळी, शाळांची गॅदरिंगं, रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती. निवडणुका आल्या की मी घरी जेवायलासुद्धा जायचो नाही. एका उमेदवाराच्या भावानं मतमोजणीच्या तीन दिवस आधी विजयाचं गाणं करून घेतलं, गुलालासकट. उमेदवार पडला. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, माझ्या देखत पुसा. मी पुसलं. पुसल्यावर त्यानं हेडफोन लावून खात्री करून घेतली आणि पाच मिनिटं ती शांतता ऐकत बसून राहिला. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले होते, त्यांना परेडच्या ऑर्डरी रेकॉर्ड करून हव्या होत्या. पहिल्या ‘सावधान’लाच माझ्या मशीनचे काटे लाल पट्ट्यात जाऊन अडकले. शेवटी त्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि माइक खिडकीत धरला. खालून जाणारे दोन सायकलवाले खरोखरच थांबले होते.

या सगळ्यात माझं नाव कशासाठी होतं, तर स्वच्छ कामासाठी. गाणारा माणूस नुसता गात नाही. तो खाकरतो, ओठ चाटतो, दोन ओळींच्या मध्ये श्वास ओढतो, खुर्ची करकरवतो, गाणं संपलं की ‘कसं झालं?’ म्हणतो. हे सगळं माइक ऐकतो. टेपच्या जमान्यात मी ब्लेडनं टेप कापून एकेक श्वास काढायचो आणि टोकं चिकटपट्टीनं जोडायचो. कॉम्प्युटर आल्यावर तर मला रानच मोकळं मिळालं. एका भजनी बुवांनी आपली कॅसेट ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, ‘ह्यात मी श्वासच घ्यातल्याला न्हाई. मेलो काय मी?’ हा किस्सा मी पंचवीस वर्षं मोठ्या अभिमानानं सांगत आलो.

अशा माणसाकडे ‘पाचट’ आला.

उसाचा वाळलेला पाला, जो तोडणीनंतर रानात पडतो आणि लोक काडी लावून जाळतात, ते पाचट. कराडच्या इंजिनिअरिंगच्या चार पोरांनी आपल्या बँडला हे नाव दिलं होतं. गिटारवाला, बेसवाला, ड्रमवर अभय आणि गाणारा रणजित. रणजित पेठ नाक्याकडच्या एका गावचा, ऊसवाल्या घरातला. रॉक म्हणतात ते संगीत मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं कळतं, तर सांगतो. त्यात गाणाऱ्यानं गोड गायचं नसतं. जे खुपतंय ते खुपतंय तसंच म्हणायचं असतं, आणि वाद्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं नसतं, उलट त्याच्याशी भांडायचं असतं. रणजितचा आवाज खरखरीत होता. शब्द तो दातांनी तोडून टाकल्यासारखा टाकायचा. गाणी कारखान्याच्या वजनकाट्यावर, पाण्याच्या पाळीवर, सैन्यात गेलेल्या मित्राच्या बंद पडलेल्या मोटारसायकलीवर. पुण्याच्या कॅसेट कंपन्यांनी ऐकून चहा पाजला आणि परत पाठवलं. गावाकडे यात्रेत त्यांना ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं, तिथं लोक लावणी मागत राहिले. फक्त एकदा, कुठल्याशा यात्रेत, ‘वजनकाटा’ संपल्यावर मागच्या बाजूला बसलेले चार-पाच म्हातारे शेतकरी उठून पुढे आले आणि म्हणाले, ते काट्याचं परत म्हणा. रणजित हे सांगताना लाल व्हायचा. त्यांचं एवढंच काय ते यश.

पाच-सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकतीस गाणी केली. प्रत्येक गाण्याला माझं आणि रणजितचं भांडण ठरलेलं. त्याला सगळं राहू द्यायचं असायचं आणि मला सगळं काढायचं.

‘काका, माणूस गातोय हे कळू द्या की. श्वास तरी ऱ्हाऊ द्या.’

‘माझ्या स्टुडिओतून कचरा बाहेर जात नाही.’

‘आवं, आमचं नावच पाचट हाय.’

बाकीचे तिघं हसायचे, मी काच सरकवून घ्यायचो आणि माझ्या मनासारखं करायचो. शेवटी मशीन माझं होतं. त्याला राग यायचा, पण संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. जाताना गिरणीच्या ओट्यावर बसून तो गिरणीवाल्याला गाण्याची गोष्ट सांगायचा, हातवारे करून, नकला करून, आणि पीठ न्यायला आलेल्या बायका डबे घेऊन ऐकत उभ्या राहायच्या. बोलायला बसला की त्याला तोड नव्हती. मी वरून खिडकीतून ऐकायचो. कधीकधी मला वाटायचं, हा गातो त्यापेक्षा बोलतो बरा.

मग एका हिवाळ्यात, गाळप ऐन जोरात असताना, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल गेली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. आमच्या भागात दर हंगामात हे होतं आणि दर हंगामात लोक हळहळतात. ट्रॉलीची मागची फळी बरोबर त्याच्या गळ्यावर बसली. जीव वाचला. स्वरयंत्राचा चुरा झाला. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली आणि सांगितलं की आवाज आता विसरा. तेव्हा तो एकतीस-बत्तीस वर्षांचा होता. घरी आठ महिन्यांची मुलगी होती. बँड अर्थातच संपला. गिटारवाला कॅनडात गेला, बेसवाला लोणंदला सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला. मी दवाखान्यात एकदा भेटून आलो. बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे मला होतं, त्याला नव्हतं, आणि तेच सहन होईना म्हणून परत गेलो नाही. याची मला आजही लाज वाटते.

तर अभयच्या फोननंतर मी बंद स्टुडिओच्या माळ्यावरून सीड्यांचे डबे खाली घेतले. मधल्या काळात कृष्णेला महापूर येऊन गेले होते, गावभागातली निम्मी घरं पाण्यात होती. गिरणीत पुरुषभर पाणी होतं. पण माझ्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन ते थांबलं. डबे सुखरूप. पुरावर ढकलता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

गाणी कुठली घ्यायची हे रणजितला विचारल्याशिवाय मी हात लावणार नव्हतो. अभय म्हणाला, मी त्याला मेसेज करतो. म्हटलं, नको, मीच जातो. सतरा वर्षं राहून गेलेलं जाणं होतं ते. सांगलीहून भडंगाचे दोन पुडे घेतले आणि एस.टी.नं पेठ नाक्यावर उतरलो. न्यायला त्याची मुलगी आली होती, स्कूटी घेऊन. नाव सई. नुकतीच बारावी झालेली. मला म्हणाली, ‘काका, घट्ट बसा, रस्ता लय बेकार हाय,’ आणि त्यानंतर तिनं स्कूटी अशी काही हाणली की मला भडंगाची काळजी वाटायला लागली.

रणजितनं आता उसाच्या रोपांची नर्सरी घातली आहे. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगा, प्रत्येक खळग्यात कांडीचा एकेक डोळा लावलेला, त्यातून बोटभर हिरवे कोंब. तो पाणी मारत होता. केस पांढरे झालेले, गळ्याभोवती सुती पंचा गुंडाळलेला. मला पाहिलं तसा पाइप टाकून आला आणि वाकून पाया पडला. मग तोंड हलवून काहीतरी म्हणाला. ओठ हलले, शब्द तयार झाले, पण आवाज नव्हता, नुसता पंच्याखाली सूं सूं असा वारा. मी आयुष्यभर ज्याला कचरा म्हणत आलो, तो श्वास. त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

त्याची बायको मनीषा चहा घेऊन आली. मी बॅगेतून लॅपटॉप काढायला लागलो, तशी ती हळूच म्हणाली, ‘आवं, घरात गाणी लावत न्हाई आमी. ह्यास्नी त्रास हुतो.’ मी लॅपटॉप परत ठेवला. रणजितनं यादी मागितली. एकतीस नावांवरून बोट फिरवत, न ऐकता, पेनानं बारा खुणा केल्या. कुठलं गाणं कसं आहे हे त्याला ऐकावं लागत नव्हतं. ‘वजनकाटा’वर त्यानं सगळ्यांत आधी खूण केली. अखेरची खूण ‘फाटा’ या गाण्यावर. ते त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग. मग मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं : ‘आता पायजे तेवढं धुवा. मी भांडणार नाही.’ आणि हसला. हसण्यालाही आवाज नव्हता.

परतताना सईनं मला नाक्यावर सोडलं. एस.टी.ला वेळ होता. ती स्कूटी स्टँडला लावून माझ्याशेजारी उभी राहिली, किल्ली बोटाभोवती फिरवत. ही काहीतरी विचारणार हे मला कळलं होतं. मला वाटलं गाण्यांविषयी विचारेल.

‘काका, मला गाणी नको हायत,’ ती म्हणाली. ‘गाणी ऐकलीत मी, अभयकाकांनी पाठवल्याली. गाण्यात बाबा वेगळंच वाटतात. मला बाबा बोलायचे कसं, ते ऐकायचंय. घरात न्हाई. मामाकडं लग्नाची कॅसेट हाय, तिच्यात नुसती सनई हाय. तुमच्याकडं असंल की. तुमच्याकडं ते तासन्‌तास बोलायचे म्हणं.’

मी म्हणालो, बघतो. एस.टी. आली, मी बसलो आणि सांगलीपर्यंत त्या ‘बघतो’बद्दल स्वतःला शिव्या देत राहिलो.

कारण मला ठाऊक होतं. त्या वेळी हार्ड डिस्क एवढीशी असायची. गाणं पक्कं झालं की बाकीचे प्रयत्न पुसून टाकायचे, पक्क्या गाण्याच्या पुढचं-मागचं कापायचं आणि उरलेलं सीडीवर उतरवायचं, हा माझा शिरस्ता. दुसऱ्या स्टुडिओत लोक आळसापोटी पसारा तसाच ठेवायचे. मी आळशी नव्हतो. रणजित पाच-सहा वर्षं माझ्या माइकसमोर बोलला होता. गावातल्या गमती, मास्तरांच्या नकला, लग्न ठरल्याचं, मुलगी झाल्याचं. सगळं माझ्या मशीनमधून गेलं होतं आणि सगळं मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं. गाण्यांचं काही बिघडलं नव्हतं. गाणी लखलखीत होती. त्यांत एक माणूस न खोकता, न श्वास घेता, न काही बोलता सतत गात होता.

पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. अभय पुण्याहून सारखं विचारायचा, कुठवर आलं? मी सांगायचो, चालू आहे. अल्बमचं काम चालू नव्हतं. मी एकतीस गाण्यांचे रणजितच्या माइकचे ट्रॅक एकेक करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत होतो. प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र साठवलेला असतो, त्याला ट्रॅक म्हणतात. त्याच्या ट्रॅकवर गाण्याच्या ओळी होत्या आणि दोन ओळींच्या मध्ये काही नाही. नुसती शांतता म्हटलं तरी तिला थोडी खरखर असते, खोलीचा वास असावा तशी. इथं तीही नव्हती. मी तीसुद्धा काढली होती.

सोळाव्या दिवशी डोक्यात आलं की, आपण चुकीच्या माइकवर शोधतोय. पोरांचा हट्ट असायचा की चौघांनी एकाच खोलीत, एकदमच वाजवायचं. म्हणजे रणजितचा आवाज थोडाथोडका ड्रमच्या माइकमध्येही शिरणार. आणि ड्रमच्या पितळी थाळीवर शेवटचा ठोका पडला की तिचा नाद दहा-बारा सेकंद मावळत राहतो. तो मध्येच तोडला तर अंधारात जिन्याची एक पायरी नसावी तसं कानाला होतं. म्हणून तेवढ्यापुरतं मी कात्री आवरायचो. मूळ ट्रॅकवर थाळी पूर्ण मावळेपर्यंत राहू द्यायचो आणि पक्क्या गाण्यात हळूहळू आवाज उतरवायचो.

ड्रमचे एकतीस ट्रॅक काढले. फक्त शेवट ऐकायचे. पहिल्याच्या शेवटी थाळी मावळली, गप्प. दुसऱ्याच्या शेवटी गप्प. थाळी वाजत असताना कुणी तोंड उघडलं तर मी आकाशवाणीवरून अशी काही खरडपट्टी काढायचो की, चौघं श्वास रोखून मूर्तीसारखे बसायचे. माझा केवढा हा दरारा. तीस गाण्यांच्या शेवटी तीस वेळा माझा दरारा ऐकला.

एकतिसावं ‘फाटा’. त्यात रणजित बोललेला होता. अकरा सेकंद.

मी ऐकलं, हेडफोन काढून ठेवले, गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मग अभयला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, काका, हे तुम्ही घेऊन जा, मला तिथं थांबवणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नर्सरीत होतो. रणजितला आधी बाजूला घेऊन सांगितलं की काय सापडलंय, आणि विचारलं, तिला ऐकवू का? त्यानं मनीषाकडे पाहिलं. मनीषा म्हणाली, ‘लावा तुमी.’ मग त्यानंही मान हलवली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःही ऐकायला बसला. मी लॅपटॉप पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवला, छोटा स्पीकर जोडला. सईला सांगितलं की आधी थाळीचा मोठा नाद येईल, त्याच्याखालून आवाज येईल, नीट कान दे.

थाळी वाजली. तिच्याखाली रणजित, अठरा वर्षांपूर्वीचा, दबक्या आवाजात अभयला सांगतोय : ‘पोरीला हितं आणायची सोय न्हाई गड्या. ह्यो काका हाय न्हवं, रडणं तेवढं कापून घील आन्‌ पोरगी परत दील.’ मग तो हसतो. पोटातून, खदाखदा, शेवटी खोकला येईपर्यंत. आणि त्या हसण्यावर वरून माझा आवाज येतो, करडा, स्पीकरमधून घुमणारा : ‘रणजित, थाळी संपलेली नाही. बडबड बंद.’ आणि खट्ट. संपलं.

सई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, परत लावा. मी लावलं. परत लावा. ‘पोरीला’ म्हणजे मलाच ना, तिनं आईला विचारलं. मनीषानं पदर तोंडाला लावला होता, तिनं नुसती मान हलवली. आठव्या-नवव्यांदा सई ते शब्द स्पीकरबरोबर म्हणायला लागली, तोच ठेका, तोच ‘गड्या’. रणजित खाली बघत होता. अकरा सेकंदांतली दोन सेकंद माझ्या ओरडण्याची होती आणि दर वेळी ती यायची.

मग तिनं विचारलं, ‘ह्याच्यापुढं बाबा काय म्हणाले?’

मी म्हणालो, पुढचं नाही. मी मशीन थांबवलं.

‘पण म्हणाले असतीलच की काहीतरी.’

मी रणजितकडे पाहिलं. त्यानं हात पंच्याला पुसले, मोबाइल घेतला, टाइप केलं आणि तिला न दाखवता आधी मला दाखवलं. ‘मशीन थांबवून तुम्ही विचारलं होतं. पोरीचं नाव काय ठेवलं. आदल्या दिवशी बारसं झालेलं.’

आणि मला लख्ख आठवलं. ओरडल्यावर मला वाईट वाटलं होतं. घरी मुलगी झालेला माणूस, खुशीत होता, त्याला मी उगाच झापलं. म्हणून मशीन बंद करून, पुन्हा बटन दाबून, जरा मऊ आवाजात विचारलं होतं. घरगुती बोलणं होतं. घरगुती बोलणं रेकॉर्ड करायचं नसतं, म्हणून आधी मशीन बंद केलं होतं.

आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या. कुणाची टेप जळाली, कुणाच्या गाण्यात गिरणीचा पट्टा आला, एका मुलीचा पहिला कार्यक्रम माझ्या हातून चुकून पुसला गेला. त्या सगळ्या कामातल्या चुका. ही मात्र मी चांगुलपणानं केली होती. मशीन बंद करण्याचं सौजन्य न दाखवता तसंच विचारलं असतं, तर ते शब्द आज हाताशी असते. हे त्या पोरीला कसं सांगायचं मला कळेना. पण न सांगणं म्हणजे आणखी एकदा कापणं झालं असतं. मी सांगितलं. म्हणालो, सई, त्यापुढे तुझ्या बाबांनी तुझं नाव घेतलं होतं. मी विचारलं आणि त्यानं सांगितलं. मशीन बंद होतं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं विचार केला आणि म्हणाली, ‘पण तुमी ऐकलंय न्हवं?’

‘ऐकलंय.’

‘मग कसं म्हणाले, ते म्हणून दाखवा.’

मी गाणारा नाही. माझ्या आवाजात माझ्या बायकोनंसुद्धा कधी काही म्हणायला सांगितलेलं नाही. पण चाळीस वर्षं मी एकच काम केलं, ऐकायचं, आणि तो आवाज माझ्या कानात होता. मी म्हणालो, ‘सई.’ रणजितनं मान हलवली, नाही. त्यानं हात वर नेऊन दाखवला, शेवट असा चढता. मी पुन्हा म्हणालो, ‘सई’, ‘ई’ वर नेत. पुन्हा नाही. तो उठून माझ्यासमोर येऊन बसला, अगदी जवळ, आणि ओठांनी ते नाव म्हणून दाखवलं. आवाज नव्हता, पण तोंड किती उघडतं, कुठे रेंगाळतं, ते दिसत होतं. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसं, पण कुणी झोपलंय म्हणून हळू. मला सापडलं. ‘सईऽ,’ मी म्हणालो.

रणजितनं डोळे मिटले आणि मान डोलावली.

‘अजून एकदा,’ सई म्हणाली.

मी म्हणालो. ती अजून एकदा म्हणत राहिली आणि मी म्हणत राहिलो, आणि रणजितचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.